मोटेच्या आबांची तळटीप

चार शिक्षक एका पारावर बसले की किस्से आपोआप साठतात. पण आमच्या बारामतीच्या शाळेतले बहुतेक किस्से एकाच निबंधाभोवती साठले, आणि तो निबंध माझा नव्हे, देशमाने मास्तरांचा! मी नुसता नकलनवीस. अक्षर बरं म्हणून पकडलेला.

गोष्ट तीस सालानंतरची. मास्तरांनी विहिरीवरच्या मोटेचे शब्द गोळा केले होते. कालव्यानं मोट मागं पडत चालली, मोटेमागं तिचे शब्दही जातील, ही त्यांना खरोखरची चिंता. पुण्याच्या एका त्रैमासिकात निबंध छापायचा म्हणून त्यांनी हिय्या केला. त्याच्या मलपृष्ठावर लेखकांसाठी नियम होते. खरा घोळ तिथूनच!

पहिला नियम : 'कागदाच्या एकाच बाजूस लिहावे.' कागद आम्ही अत्तारचाचांच्या दुकानातून घ्यायचो. चाचांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी ताव उजेडात धरला. "मास्तर, दुसऱ्या बाजूला काय खोट हाय का?"

नियमांचं पान दाखवलं तेव्हा कुठं ते शांत झाले. म्हणाले, "मग पुन्याची मान्सं येकाच डोळ्यानं वाचत्यात व्हय!"

दुसरा नियम : 'समास सोडावा.' शुद्धलेखन तपासायला निबंध शास्त्रीबुवांकडे दिला होता, नियमांसकट. शास्त्रीबुवा शाळेत संस्कृत शिकवायचे. चार दिवसांनी घामाघूम होऊन आले. 'बैलजोडी'चं त्यांनी 'बैलांची जोडी' केलं होतं, 'आईबाप'चं 'आई आणि बाप'. एकूण एक समास सोडवला होता! निबंध तीन पानं वाढला.

मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो बुवा, समास म्हणजे डावीकडची कोरी जागा!"

"मग कोरी जागा म्हणा की! व्याकरणाला कशाला वेठीस धरता?"

तेव्हापासून कुणी बोलताना लांबण लावली की आम्ही म्हणायचो, "चाललं याचं समास सोडवणं!"

आता माझी चूक सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकून ठेवतो. हे सगळे शब्द मास्तरांना दिले होते निरवांगीच्या एका म्हाताऱ्यानं. जन्मभर मोट हाकलेली. सगळा गाव त्यांना 'मोटेचे आबा' म्हणायचा. मोट ओढायचा जाड दोर तो 'नाडा', आणि मोटेच्या सोंडेला जो बारीक दोर बांधतात त्याला ते 'सोंदूर' म्हणत. मला 'सोंदूर' गावंढळ वाटला. शहाणपणा करून मी नकलताना सगळीकडे 'दोर' लिहिलं.

मास्तरांनी ती नक्कल आबांना ओसरीवर वाचून दाखवली. आबा मधेच थांबले. "ह्यो दोर कुठला घुसला? दोरानं शेरडं बांधत्यात!"

मी मान खाली घातली. सगळी पानं पुन्हा लिहिली, आणि कुरकुरलो नाही.

त्याच दिवशी मास्तर म्हणाले होते, "आबा, तुमचं नाव छापून आणीन."

आबा हसले. "नाव ऱ्हाऊ द्या. शब्द तेवढं नीट छापा म्हंजी झालं."

निबंध गेला आणि परत आला. संपादकांचा शेरा : 'प्रत्येक शब्दास आधार द्यावा. ग्रंथ व पृष्ठांक.' मास्तर भडकले. आबांना कुठला पृष्ठांक? त्यांनी पत्रांवर पत्रं धाडली. या माणसाचं नाव आलं नाही तर निबंध छापू नका, म्हणाले. मला वाटलं, इतक्या वर्षांची मेहनत वाया जायची! पण मास्तर हटले नाहीत.

शेवटी संपादक नमले. 'माहितगाराचे संपूर्ण नाव, सांगितले जाईल तसेच, तळटिपेसाठी कळवावे.' पत्र हातात पडलं तेव्हा आबांना जाऊन महिना झाला होता. आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं की त्यांचं नावच आम्हाला ठाऊक नाही! तीन वर्षं त्या माणसाच्या ओसरीवर ताक प्यालो, आणि नाव विचारलं नाही. मला लाज वाटली, अजून वाटते.

सायकली काढून निरवांगीला गेलो. आबांची बायको उंबऱ्याशी बसली होती, मुलगा वैरण टाकत होता. मास्तरांनी सगळं सांगितलं. पुण्यात छापायचंय, आबांचं पुरतं नाव हवंय.

मुलगा पुढं झाला. "लिवा मास्तर—"

"तू गप," म्हातारी म्हणाली. "मी घेते."

मुलगा गडबडला. जन्मात तिनं नवऱ्याचं नाव नुसतं उच्चारलं नव्हतं. घेतलं असेल ते उखाण्यात, आणि विधवेनं उखाणा घ्यायची तर रीतच नाही. तो हळूच म्हणाला, "आये, आता न्हाय घ्यायचं."

"का? आता कुनाला लाजू?"

तिनं पदर सारखा केला. मास्तरांनी वही उघडली. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. मास्तरांनी तस्संच उतरवलं, आणि मी तस्संच नकललं.

अंक आला तो आम्ही पारावरच फोडला. पहिल्याच पानाच्या तळाशी, बारीक टाइपात :

'१. नाडा तुटला, सोंदूर सुटला, मोट गेली तळाला, सखाराम बाळांचं नाव घेते पुण्याच्या छापखान्याला. — निरवांगी.'

मी दोनदा वाचलं. सोंदूरचा दोर केला नव्हता.