तिसरं कोटेशन

आमचे विज्ञानाचे सर साधा खराटासुद्धा तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेत नसत. शाळेसाठी काही घ्यायचं तर तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, असा नियम होता. सरांनी तो घरी नेला. परतूरच्या बाजारात ते दिसले की किराणा दुकानदार विचारी, “सर, आज माझा नंबर कितवा?” सर शांतपणे सांगत, “दुसरा. तिसऱ्याकडून येतो, मंग बोलू.” त्यांचं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. सगळे त्यांना कोटेशन सर म्हणत. आता सर नाहीत. जुने सहकारी भेटले की त्यांचे हे किस्से सांगून हसतात. मला ते हसणं पुरतं जमत नाही.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. आमच्या दोन घरांत एकच भिंत. पलीकडे सर, वहिनी आणि त्यांची एकुलती मुलगी नंदा. लहानपणी मेंदूत गेलेल्या तापाने तिची वाचा गेली होती, हातपाय आखडले होते. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी तिचं ऐकत. समज मात्र लख्ख. गोष्ट वाचून दाखवताना मी एखादं पान गाळलं, तर ती पुढे ऐकायचीच नाही. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राही.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. वहिनींचा भाऊ आखातात नोकरीला होता. त्याने सुट्टीवर येताना एक छोटा संगणक आणला. पाटीएवढा काळा डबा, टीव्हीला जोडायचा. “खेळ खेळता येतात, भाऊजी,” तो म्हणाला. सरांनी खेळ बाजूला ठेवले. दारावरच्या घंटीचं बटण त्या डब्याला जोडलं आणि पडद्यावर एकेक शब्द येत जाईल असा प्रोग्राम रचला. हवा तो शब्द आला की नंदाने बटण दाबायचं, शब्द तिथे थांबायचा. यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेले; ते ओळखायला सरांनीच तिला शिकवलं. पहिल्या संध्याकाळी तिने ‘पाणी’वर बटण दाबलं. वहिनी धावत पेला घेऊन आल्या, तर तिने मान फिरवली. तहान नव्हतीच. शब्द चालतो का, एवढंच तिला पाहायचं होतं.

वीज गेली की यंत्र सगळं विसरून जाई, आणि परतूरला वीज रोज जाई. मग सर टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम पुन्हा भरत. कॅसेटचा तो चिरका आवाज भिंतीपलीकडून आला की माझी बायको म्हणे, “घ्या, नंदी बोलायला लागली.”

अडचण एकच होती. यंत्राची मेमरी इतकी तोकडी की वीसेक शब्द भरले की जागा संपे. मागे खोचायचा जादा मेमरीचा डबा मिळत असे. तो लावला तर शेकडो शब्द मावले असते. सरांनी पत्र पाठवून मुंबईच्या दुकानाचा भाव मागवला, मग पुण्याच्या. तिसरं पत्र हैदराबादला गेलं. त्याचं उत्तर येण्याआधीच मुंबईचा भाव उतरला. “बघा मास्तर, थांबलो म्हणून! भाव उतरून राह्यला. अजून उतरंल.” मग पुण्याला पुन्हा पत्र. ऐपत नव्हती असं नाही. घाईने घेतलेली वस्तू त्यांना चोरीच्या मालासारखी वाटे.

वहिनी भाकरी थापता थापता म्हणत, “तुमचं तिसरं कोटेशन यीस्तोवर पोरगी म्हातारी व्हईल.”

“म्हातारी झाली तरी बोलंल की,” सर म्हणत.

तोवर नवा शब्द घालायचा तर जुना काढावा लागे. ते काम रविवारी. “नंदाबाई, आज कोणाला नारळ द्यायचा?” सर विचारत आणि ती काढायच्या शब्दावर बटण दाबे. ‘गाय’ गेली, ‘आंबा’ आला. मोसम संपला, ‘आंबा’ही गेला.

अशाच एका रविवारी मी तिला गोष्ट वाचून दाखवत होतो. तीत सासू जावयाला बावळट म्हणते. नंदा हसून हसून लाल झाली. “हा शब्द पाहिजे?” सरांनी विचारलं. तिने ‘हो’वर बटण दाबलं.

“कोणाला म्हणणार? मला का मास्तरांना?”

तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बराबर. दोघांची सोय झाली.”

मग तिने काढायचा शब्द दाखवला. ‘दुखतं’. सर म्हणाले, “अगं, हा राहू दे. कामाचा आहे.” शब्दांची फेरी पुन्हा झाली आणि तिने पुन्हा तिथेच बटण दाबलं. रोजच अंग दुखणाऱ्या मुलीला तो शब्द शिळा झाला असावा. “बरं बाई,” सर म्हणाले, “थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. हैदराबादचं पत्र आलं की सगळेच परत येतील.”

पत्र आलं नाही. नंदाने तेवढ्या दिवसांत दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना बावळट ठरवून टाकलं. मग एके दिवशी ती सकाळपासून ‘नाही’वर बटण दाबत राहिली. चहा हवा का? नाही. पंखा लावू का? नाही. मास्तरांना बोलवू का? नाही. वहिनींना वाटलं, रुसली. दुखतं का, हे कोणाच्या तोंडी आलं नाही. ते सांगायचं काम यंत्र आल्यापासून त्या शब्दाकडे होतं, आणि आमची विचारायची सवय मोडली होती.

दुसऱ्या दिवशी अंग तापलं तेव्हा तिला जालन्याला नेलं. आतडं आतल्या आत फुटलं होतं. “पोटात दुखतं म्हणून काही सांगितलं नाही का तिने?” डॉक्टरांनी विचारलं. नंदा घरी आली नाही.

सरांना कोणी बोल लावला नाही, वहिनींनीही नाही. पुढे एकदा सर एकटेच गाडीने हैदराबादला गेले आणि मेमरीचा डबा घेऊन आले. केवढ्याला दिला, असं मी सवयीने विचारून बसलो.

“विचारलंच न्हाई,” ते म्हणाले.

मग ते घरोघर शब्द मागत हिंडले. “तिला अजून काय बोलावं वाटलं असतं, मास्तर?” मी सुचेल ते सांगत गेलो. थोड्याच दिवसांत संध्याकाळी भिंतीपलीकडून कॅसेटचा आवाज पुन्हा येऊ लागला. माझी बायको हातातलं काम तसंच ठेवून बसून राही.

एकदा मी गेलो. नंदाची खुर्ची टीव्हीसमोर होती, बटण खुर्चीच्या हातावर तसंच बसवलेलं. सर शेजारी स्टुलावर. पडद्यावर पहिला शब्द आला, ‘दुखतं’. तो इतर शब्दांपेक्षा फार वेळ थांबला. सरांनी तसंच लिहिलं होतं. मग ‘आई’, ‘पाणी’, ‘गाय’, ‘आंबा’, मी सांगितलेले, बाजारातल्या लोकांनी सांगितलेले, एकामागून एक येत आणि पुसले जात राहिले. बऱ्याच वेळाने अगदी शेवटचा शब्द आला, ‘बावळट’. सरांनी हात लांब करून बटण दाबलं.

शब्द थांबला. वीज जाईपर्यंत आम्ही दोघं त्याच्यासमोर बसून होतो.