बावखलातली जांभळी फुलं

गिरीज गावच्या उर्सुलाला फुलांचं भारी वेड. नवरा गेल्यापासून केळीची वाडी ती एकटीच सांभाळायची. १९९४ च्या मे महिन्यात ती उमेळ्याला नणंदेकडे गेली, तेव्हा तिथल्या तळ्यात तरंगणारं जांभळ्या फुलांचं एक रोप तिच्या मनात भरलं. बादलीत घालून तिने ते आणलं आणि वाड्यांना पाणी पुरवणाऱ्या गावच्या तळ्यात, बावखलात, सोडून दिलं. महिन्याभरात फुलं आली. मारियेच्या मूर्तीपुढे ती ठेवताना उर्सुला हरखून गेली.

दोन पावसाळ्यांत त्या रोपांच्या दाटीखाली बावखलातलं पाणी दिसेनासं झालं. पंपात मुळं अडकू लागली, मासे मरून वर आले. शेजारवाडीचा चंद्रहास कोयता घेऊन उतरला आणि सपासप तोडत सुटला. महिन्याभरात ती जलपर्णी पहिल्यापेक्षा दाट.

उर्सुलाने काठावर बसून एक रोप नीट निरखलं. बुडातून आडवी दांडी निघाली होती, तिच्या टोकाला पिल्लू. दांडी तुटली की पिल्लू वेगळा संसार थाटायचं. कोयत्याने त्यांची वाटणीच करून दिली होती.

त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"चंद्रहास, हे मी आणलं. एकच रोप होतं."

चंद्रहासने आपल्या वाडीकडे पाहिलं. पाण्यावाचून त्याची अर्धी केळी वाळली होती. मग तो म्हणाला, "बाय, पानी खोल हाय. तू काठाला राहा, मी आत जातो."

अख्खा उन्हाळा दोघांनी रोपं मुळासकट उपसली, लांब उन्हात वाळवून जाळली. बावखल मोकळं झालं. पण पावसाला सुरुवात होताच काठच्या चिखलात नखाएवढे कोंब दिसले. सुकलेल्या फुलाचा दांडा पाण्यात मान घालतो, हे उर्सुलाने कितीदा पाहिलं होतं. तो बी सोडत होता, हे तिला आता उमगलं. चंद्रहास डोक्याला हात लावून खाली बसला.

"फूल धरायच्या आत उपटायचं," ती म्हणाली. "दुसरा इलाज नाय."

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ती टोपली घेऊन काठाने फिरायची. गुडघे दुखू लागले तशी चंद्रहासची बायको सोबत येऊ लागली. २००४ च्या पावसाळ्यात जेमतेम चार कोंब सापडले. आता सुटलीस, असं गावातले लोक म्हणायचे. चिखलात अजून किती बी निजलंय कोण जाणे, म्हणत उर्सुला पुढच्या रविवारी पुन्हा काठावर जायची.