आसरा वर आल्या

नारूनं आवडाबाईला तीन पेरण्या बाजेवर पाडून ठेवलं होतं. पायातून पांढरा जंत दोऱ्यासारखा बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत कण्हायचं, आणि शिवारात दुसऱ्यांच्या तिफणी चालायच्या. बिडकीनजवळच्या त्या गावात घरटी एक बाज अशी अडलेली. सगळे बारवेच्या पायऱ्या उतरून, दुखरे पाय बुडवून तेच पाणी भरत.

औरंगाबादहून पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर मधुसूदन पाठक आले. यंत्र नको, वीज नको, म्हणाले. त्यांनी गावच्याच दगडांनी भिंत घालून पायऱ्यांची वाट बंद केली, वर कठडा बांधून गुलमंडीच्या बाजारातून आणलेला रहाट बसवला. पाण्यात पाय पडला नाही की नारू संपला.

माणूस मोठा हुशार, पण विचारायचं तेवढं राहिलं. खालच्या कोनाड्यात साती आसरा, पाण्याच्या देवी, होत्या; शेंदूर लावलेले सात दगड. त्या भिंतीआड गेल्या. इकडे आवडाबाईची सून सरू बाळंत होऊन सव्वा महिना झाला. आसरांची ओटी भरल्याशिवाय बाळंतिणीनं पाणी भरायचं नाही, ही रीत. आवडाबाईनं बाया जमवल्या, पहार घेतली आणि भिंत पाडली.

पूजा चालू असतानाच साहेबांची जीप आली. आता चांगलीच खरडपट्टी निघणार, म्हणून बाया पदर सावरत मागं सरल्या. साहेब आसरांकडे बघत पायरीवर बसले.

"आवडाबाई, या वर येतील का?"

"देव हालवीत नसत्यात, साहेब."

"मग मी हात लावत नाही. तुम्हीच विचारा त्यांना."

सरू घोटाभर पाण्यात उभी होती, कडेवर तान्हं. पुढचा दोरा कुणाच्या पायातून निघणार, हे आवडाबाईला लख्ख दिसलं. तिनं पदर पसरला.

"चला मायांनो. वरून समदं गाव दिसतंय."

एकेक आसरा तिनं पदरात घेऊन वर आणली. साहेबांनी रहाटाशेजारी ओटा बांधून दिला आणि भिंत पुन्हा उभी राहिली.

पुढच्या वर्षी आधी प्यालेल्या पाण्याचे काही दोरे निघाले. साहेबांनी ते आधीच सांगितलं होतं, म्हणून कुणी आसरांवर खापर फोडलं नाही. त्याच्या पुढच्या मृगात साहेब आले, तर दारांना कड्या. शेताच्या बांधावर ते दिसताच आवडाबाई तिफण सोडून धावत गेली.

"घरी कुणीच नाय साहेब. तुमाला पाणी बी कुणी इचारलं नसंल."

"रहाटावर ओढून प्यालो. ओसरीवरच्या बाजा सगळ्या रिकाम्या आहेत, आवडाबाई."

तिचे डोळे भरून आले. तिनं ओटीतलं बियाणं त्यांच्या ओंजळीत ओतलं.

"या तासाला तिफणीच्या चाड्यावर मूठ तुमी धरा."