सुतारासाठी प्रार्थना

कात्रीबाईला कात्रीबाई म्हणायला सुरुवात तिच्या नवऱ्याने केली, आणि मग चर्चच्या अख्ख्या मंडळीत तेच नाव पडलं. ड्रायक्लीनरच्या दुकानात जिन्याखाली तिचं मशीन होतं. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, झिजलेली कॉलर उसवून उलटी लावणं ही तिची कामं. नवं कापड बेतायच्या भानगडीत ती पडत नसे. गिऱ्हाईक नसलं की कपडे गुंडाळायच्या खाकी कागदावर ती गोष्ट लिहायची.

चर्चच्या मासिकात ती गोष्ट दर महिन्याला क्रमशः यायची. गोष्टीतला सुतार दारूपायी आईशी भांडून घराबाहेर पडला होता. मासिकाच्या बाकीच्या पानांवर उपदेश, बारसं-लग्नाच्या बातम्या आणि छपाईच्या चुका असत. त्यामुळे लोक आधी सुतार वाचत आणि उपदेश सवडीने.

पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, एकच घोर होता. "शेवटी पश्चात्ताप करतो ना तो?"

"बघू," कात्रीबाई म्हणायची. खरं तर तिचं ठरलेलं होतं. सुतार परक्या गावात, कुणाला न कळता मरणार होता. तिचा सख्खा मामा तसाच गेला होता. ज्याने पश्चात्ताप केला नाही त्याच्या तोंडी तो कोंबायचा म्हणजे खोटी साक्ष, आणि ती काही देणार नव्हती. "अगं, पण बाकीची गोष्ट तरी कुठे खरी आहे?" असं नवऱ्याने विचारलं, तर तिने दिवसभर अबोला धरला. उत्तर सुचलं नाही की ती अबोला धरायची.

पंचाईत झाली ती बुधवारच्या प्रार्थनासभेत. कुणाचे गुडघे, कुणाची परीक्षा, कुणाची अडलेली बढती असं ज्याच्यासाठी प्रार्थना हवी ते सगळं सांगून झाल्यावर रिटायर झालेली नर्समावशी उठली.

"त्या सुतारासाठी प्रार्थना करा. फार हाल चाललेत त्याचे."

लोकांनी माना खाली घातल्या. पुढच्या बुधवारी मावशी पुन्हा उठली, आणि मग तो पायंडाच पडला. निम्म्या लोकांची समजूत झाली की असा सुतार खरोखर आहे आणि कात्रीबाई त्याला ओळखते. खजिनदारांनी तर चर्चचं कपाट त्याच्याकडूनच करून घेऊ, हाताला काम मिळालं की बाटली सुटेल, असंही सुचवलं.

कात्रीबाईच्या जिवाला चैन पडेना. ती पाळकांकडे गेली. "माझ्यामुळे सगळी मंडळी नसलेल्या माणसासाठी देवाला साकडं घालतेय. हे पाप कुणाच्या खाती?"

"प्रभूनेही गोष्टीच सांगितल्या ना?"

"त्याच्या गोष्टीतल्या माणसांसाठी कुणी बुधवारी जमत नव्हतं."

पाळक हसले. त्याला लवकर घरी आण म्हणजे प्रश्नच मिटला, असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि ते बाहेर पडले.

घरी आणायचा प्रश्नच नव्हता. तिने सुताराचं मरण लिहून टाकलं. पण म्हाताऱ्या जिवाला धक्का बसू नये म्हणून आधी नर्समावशीला सांगायला गेली. मावशी एकटी राहायची. तिचा मुलगा परदेशात मोठ्या हुद्द्यावर होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मावशी, तो सुतार खरा नाही. मी रचलाय त्याला."

"माहितीय की. म्हातारी झालेय, खुळी नाही झाले."

"मग प्रार्थना कशाला सांगता?"

मावशीने स्वच्छच असलेलं टेबल पुन्हा पुसलं. "माझा परदेशात नाही. ट्रक चालवतो. म्हणजे चालवत असेल. असाच पिऊन, भांडून गेला. लोकांना काय सांगणार? परदेशात आहे म्हणून दिलं ठोकून. गोष्टी मीही रचते गं. माझ्या कुणी छापत नाही, एवढंच."

कात्रीबाई खुर्ची ओढून बसली.

"एकटीने मागून मागून थकले मी. सगळ्यांनी मिळून मागावं वाटायचं, पण त्याचं नाव काढायची चोरी. तेवढ्यात तू सुतार आणलास. म्हटलं, कुणाबद्दल चाललंय ते देवाला बरोबर कळेल."

कात्रीबाईला भडभडून आलं. आपली गोष्ट आपल्याला न विचारता वापरली, याचा थोडा रागही आला. "मग त्याला घरी आणू का?" ती म्हणाली. खोट्या साक्षीचं सगळं त्या घडीला ती विसरली होती.

"नको बाई," मावशी घाईने म्हणाली. "घरी आला की लोक प्रार्थना थांबवतील. आणि मारू तर मुळीच नकोस."

तेव्हापासून सुतार ना मरे, ना परते. या गावातून त्या गावात, या गुत्त्यातून त्या गुत्त्यात. गोष्टीत पाणी घातलंय, असं लोक तोंडावर म्हणू लागले. कुठे कापायला हवं ते कात्रीबाईला स्वच्छ दिसत होतं आणि तिला लाज वाटत होती. पण ती लिहीत राहिली, आणि बुधवारी माना खाली जात राहिल्या.

नर्समावशी थंडीत गेली. मुलगा मातीला आला नाही. रजा मिळाली नसेल, मोठ्या हुद्द्यावर तसंच असतं, असं लोक म्हणाले. कात्रीबाईने चकार शब्द काढला नाही.

पुढच्या अंकात तिने सुताराला मारला. परक्या गावात, कुणाला न कळता. लोक हळहळले, पाळक नाराज झाले. गोष्ट मात्र चांगली उतरली होती, आणि ते तिचं तिला कळत होतं.

त्या बुधवारी सगळ्यांचं सांगून झाल्यावर ती उठली. आजवर तिने त्या सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"एका ट्रकवाल्यासाठी प्रार्थना करा. आईशी भांडून गेलाय. आई वारली, हेही त्याला माहीत नाही."

खजिनदारांचा चेहरा खुलला. "नवी गोष्ट वाटतं?"

कात्रीबाईने पाळकांकडे पाहिलं, मग खजिनदारांकडे.

"हो," ती म्हणाली.

सगळ्यांनी माना खाली घातल्या.