धुतलेली पिशवी

अकमारल विद्यापीठातल्या पर्यावरण मंडळाची अध्यक्ष झाली आणि वसतिगृहात कोणाची तिच्यासमोर प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी प्यायची छाती होईना. कझाकस्तानातल्या अल्माटीसारख्या शहरात ही पोरगी मजल्यामजल्यावरचे कचऱ्याचे डबे उघडून बघायची आणि मुलींना नाव घेऊन झापायची. तिच्या स्वतःच्या कपाटात मंडळाची चित्रं छापलेल्या अकरा कापडी पिशव्या होत्या, त्यातल्या नऊ कोऱ्या. पण अध्यक्षांचं कपाट कोण उघडतंय!

घोळ झाला तो गावी, मामेभावाच्या लेकाच्या पहिल्या पावलांच्या सोहळ्यात. बाळाच्या पायांत बांधलेली दोरी कापून झाली, जेवणं उरकली आणि रिवाजाप्रमाणे कुल्याश अपा उरलेलं पाहुण्यांना बांधून द्यायला बसल्या. याला सरकित म्हणतात. यजमानाच्या घरची बरकत असते ती, नको म्हणायची सोयच नसते. कुल्याश अपा म्हणजे अकमारलच्या आईची मावशी. आई शहरातल्या बाजारात कपडे विकत उभी असायची, म्हणून तिसऱ्या वर्षापासून सतराव्यापर्यंत अकमारलला वाढवलं ते अपांनीच.

घोड्याच्या मांसाचे चार तुकडे, ओंजळभर बाउरसाक म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, थोड्या चघळायच्या गोळ्या असं सगळं भरून अपांनी पिशवीला गाठ मारली.

"घे पोरी. मैत्रिणींनाही दे."

"अपा, मी प्लास्टिक घेत नाही. कितीदा सांगितलं तुम्हाला?"

"अगं, धुतलेली आहे."

"धुतली म्हणून काय झालं? प्लास्टिक ते प्लास्टिकच!"

चाळीस माणसं ऐकत होती. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "शहरात हल्ली हवा खाऊन पोट भरतं वाटतं!" सगळे हसले. फक्त अपा हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

अकमारलला त्याचं काहीच वाटलं नाही, हे सांगायलाच हवं. उलट तिने तो किस्सा वर्गात रंगवून सांगितला. दोनशे बारा विद्यार्थ्यांची पाहणी करून तिने अहवाल लिहिला होता. जवळजवळ सगळ्यांनी पृथ्वीची काळजी वाटते म्हणून खूण केली होती. शेवटी तिने लिहिलं होतं, 'खेड्यातल्या वृद्धांमध्ये जागरूकता कमी.' पुरावा म्हणून अपांची पिशवी. वर्ग खो खो हसला.

दौलेत सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "या अपांच्या घरून आठवड्याला कचरा किती निघतो?"

अकमारल बोटांवर मोजायला लागली. साली गाईला, हाडं कुत्र्याला, कागद चुलीत, राख सफरचंदाच्या झाडांना. बरण्या मुरंब्याला. पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या, एकेक पिशवी भोकं पडेपर्यंत वापरलेली.

"निघत नाही," ती म्हणाली.

"आणि तुझ्या खोलीतून?"

आदल्याच दिवशी तिने घरपोच मागवलेला केसांचा एक चाप आला होता, तीन वेष्टनांत गुंडाळून. आपण कोणाला हसवलं आणि कोणाच्या जिवावर, हे तिला तेव्हा कळलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

शनिवारी तिने गावची बस धरली. चार तास ती मनातल्या मनात माफीचे शब्द जुळवत होती. अपांनी माफ केलं नाही तर घर म्हणावं असं दुसरं ठिकाण तिला नव्हतं.

दारातच अपांनी तिला जवळ ओढून तिचं कपाळ हुंगलं. दूध घालून चहा दिला, मलई दिली, "वाळलीस किती!" म्हणून रागावल्या. झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द नाही. निघायच्या वेळी तिने कसंबसं म्हटलं, "अपा, मला सरकित द्याल?"

अपांचा चेहरा खुलला. लगबगीने आत जाऊन त्यांनी जाड कागदाची, सोनेरी फुलांची, चकचकीत कोरी पिशवी आणली.

"तालुक्याच्या बाजारातून तीस आणल्यात. वापरून टाकून द्यायच्या म्हणे, धुवायलाही नको!"

"आणि जुन्या, अपा? धुतलेल्या?"

"त्या चुलीत घातल्या. नुसता काळा धूर झाला बघ. एवढी शिकलेली तू, उगीच का बोलशील? मैत्रिणींत तुला माझ्यामुळे खाली बघायला नको."

अकमारलने दोन्ही हातांनी पिशवी घेतली. तिला सांगायचं होतं की तुमचंच बरोबर होतं, मीच मूर्ख. पण तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं.

अपा घाबरल्या. तिच्या हातातल्या पिशवीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "कागदाचीही चालत नाही का गं?"