नववी फेरी, पोलादपूर ते फाटा

मंगळवार, अकरा फेब्रुवारी, सकाळचे सहा. रक्कम बारा हजार रुपये. हजर: मी, माझी पत्नी आणि मुलगी सायली. ठिकाण आमच्या पनवेलच्या घरातलं जेवणाचं टेबल.

सायलीला बँकेतली एकवीस हजारांची नोकरी सोडून महाडच्या एका संस्थेत जायचं होतं. दिव्यांग माणसांना आपल्याच गावात राहून आपापले व्यवहार करता यावेत, यासाठी त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या ही संस्था तयार करते. नऊ महिने प्रशिक्षण, नंतर पंधरा हजार पगार, आणि आधी बारा हजार अनामत. नोकरी देणाराच जिथे आधी पैसे मागतो, तिथे मी दोन पावलं मागे सरतो.

"बाबा, अनामत वर्षाने परत मिळते," सायली म्हणाली.

"मिळाली की मग मिळते म्हणायचं."

"तर स्वतः बघून या. पण नाही म्हणायचं ठरवून जाऊ नका."

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि सहा पन्नासच्या एसटीने निघालो.

महाडला पोचायला साडेअकरा झाले. संस्थेचं कार्यालय खताच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. दाराला कुलूप आणि कुलपावर पुठ्ठा: क्षेत्रभेट, उद्या या. कुलूप गंजलेलं नव्हतं, एवढं मी टिपून घेतलं. खाली दुकानदाराला विचारलं, "हे रोज उघडतं का?"

"उघडतं की. पन त्या बाया इथं कमी, एसटीत जास्त."

"एसटीत काय करतात?"

"फिरतात. त्याच गाडीनं जायाचं, त्याच गाडीनं यायाचं. आता त्यात काय काम हाय, ते मला नाय ठाव."

मला मात्र वाटलं की ठाऊक आहे. प्रवासभत्ता. आमच्याही कचेरीत असे फिरणारे होते.

फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "सुजाताताई सगळं सांगतील. उद्या पोलादपूरहून साडेआठच्या गाडीने निघतात, दहाला ऑफिसात भेटा." मी बरं म्हणालो आणि मनात ठरवलं की दहापर्यंत थांबायचं नाही. न सांगता त्याच गाडीत बसायचं आणि ही बाई करते काय ते लांबून बघायचं.

रात्री खानावळीत तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खाल्ली. जेवण चांगलं होतं. लॉजवाल्याने पावती दिली नाही, मागितल्यावर दिली.

दुसऱ्या दिवशी सातच्या गाडीने पोलादपूरला गेलो. रस्त्याला सोबत सावित्री नदीची, पण फेब्रुवारीतली. पाण्यापेक्षा दगडच जास्त. भाताची खाचरं रिकामी, त्यांत कुठे वालाचे हिरवे पट्टे. डोंगराच्या उतारावर राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर फांद्या-पाला जाळण्याची जागा) भाजल्याचे काळे चौकोन दिसत होते आणि गाडीत त्याचा वास येत होता.

साडेआठच्या गाडीत बसलो. स्टँडवर कार्यकर्तीसारखी दिसणारी एकही बाई नव्हती. माझ्या पुढच्या सीटवर पंचविशीचा एक तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात सवलतीचं कार्ड, हातात कापडी बटवा. बोलायला त्याला वेळ लागत होता, हे त्याने शेजाऱ्याला खिडकी मागितली तेव्हाच कळलं. मागे, शेवटून दुसऱ्या सीटवर, तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई. तिची नजर या तरुणाच्या बटव्यावरून हलत नव्हती. त्याने बटवा उघडला की ती मान उंच करी, आणि मांडीवरच्या लहान वहीत काहीतरी लिही. पाकीटमारांची टोळी असते, एक हेरतो, दुसरा उतरताना हात मारतो, हे मी वाचलेलं होतं.

कंडक्टर आला. "कुठं?"

तरुणाने कार्ड दाखवलं. ओठ हलले, शब्द आला नाही.

"कुठं रे? चल, आवर. पुढं लोकं हायत."

"फा... टा," तो म्हणाला, आणि बटव्यातून एकेक नाणं काढून तळहातावर मांडू लागला. दोन. चार. कंडक्टर मशीनवर बोट वाजवत होता. मागची बाई अर्धी उठली होती.

मी दहाची नोट पुढे केली. "एमआयडीसी फाटा ना? घ्या यांचं." मग त्याच्या शेजारी जाऊन बसलो, माझा खांदा त्या बाईच्या बाजूला येईल असा. त्याला म्हटलं, "बटवा आत ठेवा. उतरायचं आलं की मी सांगतो." तो माझ्याकडे बघत राहिला. मूठ तशीच मिटलेली.

फाट्यावर मी त्याला उतरवलं. बाईही उतरली. मी तिला तिथेच गाठलं.

"केव्हापासून बघतोय मी तुम्हाला."

तिने ओढणी सोडली. "मीही बघतेय, काका. तुम्हालाच."

या सुजाताताई.

फाट्यावर पहिल्या पाळीचे कामगार केव्हाच आत गेले होते, टपरी रिकामी होती. तिघांनी चहा घेतला, मी कोणाचा बाप ते सांगितलं आणि मला सगळं कळलं. तरुणाचं नाव दिगंबर. औद्योगिक वसाहतीतल्या एका कँटीनमध्ये भांडी आणि ताटं लावायचं काम त्याला मिळालं होतं, येत्या सोमवारपासून. अट एकच, येणं-जाणं त्याचं त्याने करायचं. त्यासाठी दिवसाला सकाळची एक फेरी, अशा सलग दहा फेऱ्या कोणाच्याही मदतीशिवाय व्हायला हव्यात. सुरुवातीला सुजाताताई शेजारी बसत. मग मागच्या सीटवर. मग शेवटी, ओळख न दाखवता. आठ फेऱ्या झाल्या होत्या. आजची नववी.

त्यांनी वही उघडली. आठ रकान्यांत आठ बरोबरच्या खुणा, वेळ, दिलेली नाणी, परत आलेली नाणी. नवव्या रकान्यात त्यांनी शून्य काढलं.

"आज मोजायचं नाय?" दिगंबरने विचारलं.

"नाय. उद्यापासून एक."

तो माझ्याकडे वळला. मूठ उघडली. पाच नाणी, दोन-दोनची, बरोबर दहा रुपये. "तुमी का दिलं? माझ्याकडं हाय ना."

"असू दे," मी म्हणालो.

"घ्या काका," सुजाताताई म्हणाल्या. "तिकीट त्याचं आहे."

मी पाचही नाणी घेतली.

सुजाताताईंनी कँटीनच्या ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, पंचवीस तारखेपर्यंत जागा ठेवतो, सव्वीसला माणूस हवा. मी बोटांवर मोजलं. दोन रविवार गेले, एकोणीसची शिवजयंती गेली, कारण त्या दिवशी गाडी खचाखच भरलेली. उरले बरोबर दहा दिवस. एक फेरी चुकली तर काम गेलं.

तेव्हा मी जे बोललो ते लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहितो. म्हटलं, "ताई, चूक माझी आहे, त्याची नाही. नऊ लिहा ना. कोण तपासतंय?"

"दिगंबरला ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या. "आणि पावसात, गर्दीत, हाच कंडक्टर असाच ओरडला, तर तेव्हा तुम्ही असाल का?"

मग माझ्या चहाकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या मुलीला पहिले तीन महिने हेच शिकवतो. हात मागे कसे ठेवायचे. सगळ्यात अवघड तेच. पुष्कळ जणी सोडून जातात, म्हणून अनामत."

दहा वाजता कार्यालयात गेलो. नोंदवह्या बघितल्या, जुन्या अनामतींच्या परतीच्या पावत्या बघितल्या. बघायला गेलो होतो म्हणून बघितल्या.

रात्री घरी सायलीने विचारलं, "काय, खोटे आहेत का?"

"वही खरी आहे."

"कशावरून?"

"मी खोटं लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं नाही."

मग मी गाडीतलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिगंबरचं काय होणार?" पुढचे बारा दिवस मी रोज सकाळी साडेआठला घड्याळ बघत होतो.

चोवीसला सायली आणि मी महाडला मुक्कामाला गेलो. तिला पंचवीसला रुजू व्हायचं होतं. सकाळी पोलादपूर, साडेआठची गाडी. सुजाताताई जागच्या जागी, ओढणी गुंडाळून. आमची ओळख नाही. दिगंबर पुढे, खिडकीशी. नऊ फेऱ्या झाल्या होत्या.

कंडक्टर तोच. "कुठं?"

"एमायडीसी फाटा." या वेळी शब्द आले, पण बटवा उघडताना गाडी वळणावर वळली आणि एक नाणं पडलं. गडगडत माझ्या चपलेशी येऊन थांबलं. माझ्या पलीकडचा म्हातारा वाकू लागला.

"राहू द्या," मी म्हणालो. "त्यांचं ते घेतील."

"अहो, त्याला जमंल का?"

सायलीने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिला वाटलं असावं, मीच वाकणार. कंडक्टर मशीनवर बोट वाजवत होता. दिगंबर उठला, दांडा धरला, माझ्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याने मला ओळखलं. वाकला, नाणं उचललं, शर्टाला पुसलं.

परतीच्या प्रवासात मी एकटाच होतो. सावित्री, खाचरं, राबाचे काळे चौकोन, सगळं उलट्या क्रमाने गेलं. त्या पाच नाण्यांतलं एकही मी अजून खर्च केलेलं नाही. आयुष्यभर कोणी अडलं की मी खिशात हात घालत आलो आणि त्याला मदत म्हणत आलो. त्यातली किती खरंच मदत होती, याची नोंद माझ्याकडे नाही.

पंचवीस फेब्रुवारीचा हिशेब असा. अनामत, रुपये बारा हजार: सायलीने आपल्या शिलकेतून संस्थेला भरले. पावती तिच्याकडे आहे, मी बघायला मागितली नाही. दहावी फेरी, पोलादपूर ते फाटा, सवलतीचं एक तिकीट, रुपये दहा: दिगंबरने दिले, कंडक्टरला.