पाणघोड्याच्या तोंडात मेस्त्री

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात लहान मुलांचं फर्निचर बनतं. पोरानं खेळायला म्हणून चढावं आणि हाताला पुस्तक लागावं, असं. आम्ही दोघंच. मी डिझाइन काढते, सुभाष मेस्त्री ते लाकडात उतरवतात. लाकडाचा भुसा आम्ही रोज संध्याकाळी झाडून टाकतो. किस्से मात्र साठतच राहतात, ते कोण झाडणार?

*

सुरुवातीचा सांगते. गावठाणातल्या एका बालवाडीला माशाच्या आकाराचं पुस्तकांचं कपाट दिलं होतं. आठवड्यात फोन, "मॅडम, मुलं जवळच जात नाहीत. परत घेऊन जा."

पहिलीच ऑर्डर! मी गाळा बंद करायच्या गोष्टी करायला लागले.

आमच्या गाळ्याच्या मालकीण हिरामावशी. सगळा जन्म खाडीकाठच्या कोळीवाड्यात गेलेला. परत आलेल्या कपाटाभोवती त्यांनी एक फेरी मारली. "कंचा मासा हाय ह्यो?"

"मासा आहे मावशी. असाच."

"आसाच मासा कंदी असतो का गो?"

मेस्त्रींच्या हातातला खडू घेऊन त्यांनी तोंड, पाठ, शेपूट नव्यानं काढून दिलं. मेस्त्रींनी त्या रेघेवर कापलं. बालवाडीत टेम्पोतून उतरवतानाच, रोज खाडीचे मासे बघणारी ती पोरं ओरडली, "जिताडा आला, जिताडा!" पाच मिनिटांत त्याच्या पोटातली सगळी पुस्तकं बाहेर!

गाळा आज चालू आहे तो मावशींमुळे. त्यांना हे सांगितलं की म्हणतात, "माझं काय त्यात? मासा वलखायचा असतो."

*

एकदा पाणघोड्याची खुर्ची केली. उघडं तोंड, आत बसायची जागा. कुठलीही खुर्ची बाहेर पाठवायच्या आधी मेस्त्री स्वतः बसून मजबुती बघतात. त्या दिवशी बसले ते अडकलेच!

मी ओढलं, शेजारच्या गाळेवाल्यानं ओढलं. काही उपयोग नाही. शेवटी मी करवत आणायला धावले. परत येऊन बघते तर मेस्त्री शांत! आतल्या कप्प्यात नमुन्याला ठेवलेलं सशाचं पुस्तक हातात.

"मेस्त्री, कापू ना?"

"थांबा ताई, तीन पानं राहिलीत!"

*

जुईनगरच्या एका आईचा फोन. आवाज चढलेला. "तुमची ती गोगलगायीची खुर्ची परत न्या!"

मी विचारलं, "मोडली का हो?"

"मोडतेय कसली! पोरगी पुस्तक घेऊन बसते ती जेवायलाच उठत नाही."

मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "नाहीतर असं करा ना, तिलाच ताटापुरतं टेबल जोडून द्या!"

*

आणि हा कळंबोलीचा.

आठ वर्षांची आर्या आईबरोबर गाळ्यात आली. होडीच्या आकाराचं आसन तिला आवडलं, पण म्हणाली, "ह्यात एकच जण मावतो. आबा कुठे बसणार?"

आबा म्हणजे तिचे आजोबा. मूळचे साताऱ्याकडचे. कळंबोलीच्या लोखंडाच्या बाजारातून माल भरून आयुष्यभर ट्रक चालवला. आता डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. दिवसभर खिडकीशी बसून असायचे, कुणाशी फार बोलायचे नाहीत. आर्या शाळेतून आली की त्यांना वाचून दाखवायची.

मेस्त्री त्या दिवशी डबा खायचं विसरले. आम्ही होडी दोघांची केली. एका टोकाला आबांसाठी मोठी, उंच पाठीची जागा. दुसऱ्या टोकाला आर्यासाठी छोटी, बुटकी. मधे पुस्तकांचा कप्पा.

पोचवायला आम्ही दोघंही गेलो. आबांनी सगळ्या होडीवरून हात फिरवला. मोठी जागा चाचपली, छोटी चाचपली. आणि जाऊन छोटीत बसले! गुडघे पार हनुवटीला.

आर्या हसायलाच लागली. "आबा, ती माझी जागा! तुमची मोठी इकडं आहे!"

"नाय बाळ," आबा म्हणाले, "वाचनाऱ्यानं मोठ्या जागंवर बसायचं."

आर्या मोठ्या जागेवर चढली. पाय जमिनीला पोचत नव्हते. तिनं पुस्तक उघडलं.